नव्वद अंशांत फिरवा... पण कशाभोवती?

आमच्या ऑफिसात इंटरव्ह्यू घेणाऱ्यांची एक जमात आहे. वर्षभर बिचारे आपापल्या क्युबिकलमध्ये मान खाली घालून बसलेले असतात, पण कॅम्पसचा सीझन आला की एकदम ताठ होतात. इस्त्रीचा शर्ट, हातात रेझ्युमेंचा गठ्ठा आणि चेहऱ्यावर असा भाव, की काँप्युटरचा शोध जणू यांच्याच काकांनी लावला. नोकरीला दोन वर्षं झाली आणि अस्मादिकांचीही या जमातीत भरती झाली.

जमातीतल्या प्रत्येकाचा एक ठेवणीतला प्रश्न असतो. माझा होता मॅट्रिक्स फिरवण्याचा. कागदावर चौकोनी मॅट्रिक्स काढायचं आणि समोरच्याला म्हणायचं, हे नव्वद अंशांत फिरवून दाखवा, घड्याळाच्या दिशेनं, जास्तीची मेमरी न वापरता. पहिली ओळ १ २ ३, दुसरी ४ ५ ६, तिसरी ७ ८ ९. फिरवल्यावर पहिली ओळ ७ ४ १ व्हायला हवी, दुसरी ८ ५ २ आणि तिसरी ९ ६ ३. ज्यांनी लीटकोडचा रतीब लावलेला असतो त्यांना हा प्रश्न म्हणजे घरचा चहा. युक्ती ठरलेली आहे: आधी कर्णावर आरसा ठेवा (यालाच ट्रान्सपोज म्हणतात), मग प्रत्येक ओळ उलटी करा. झालं. सात-आठ ओळींचा कोड. सूत्रात सांगायचं तर नवी ओळ = जुना स्तंभ, आणि नवा स्तंभ = एकूण ओळी − १ − जुनी ओळ. (आपल्या धंद्यात मोजणी शून्यापासून, म्हणून तो एक वजा.)

युक्ती माहीत असली तर पाच मिनिटं, नसली तर घाम. माझ्यासारख्या आळशी परीक्षकाला आणखी काय हवं?

२०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही सोलापूरकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो होतो. सकाळपासून अकरा जण झाले होते, दुपारच्या जेवणात भाकरीबरोबर शेंगाचटणी जरा जास्तच झाली होती आणि डोळ्यांवर पेंग होती. बारावी मुलगी आली. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात दहावीपासूनची सगळी सर्टिफिकेटं. मी माझा प्रश्न टाकला आणि टेबलाखाली मोबाइल काढला.

तिनं पेन उचललं, परत खाली ठेवलं. "सर, कशाभोवती फिरवायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे मधल्या घराभोवती, का कोपऱ्याभोवती, का दुसऱ्याच कुठल्या घराभोवती? आणि घरं सम असली तर मध्ये घर येतच नाही सर, रेघ येते. मग रेघांची फुली धरायची का?"

मी जरा वैतागलोच. "अहो, एवढं काही नाहीये त्यात. सगळं मॅट्रिक्स फिरवायचं. सिंपल प्रश्न आहे."

तिनं मान डोलावली, पण समाधान काही झालं नसावं. कागदावर चौकटी काढल्या, एका चौकटीवर पेनाचं टोक ठेवलं आणि कागदच गरागरा फिरवून बघायला लागली. मग सूत्र मांडायला घेतलं: आधी निवडलेल्या बिंदूपासूनचं अंतर काढा, ते अंतर फिरवा, परत बिंदू मिळवा. एका ठिकाणी अधिकच्या जागी उणे पडलं, ते शोधण्यात वेळ गेला आणि वीस मिनिटं संपली. कोड अर्धवट. मी फॉर्मवर लिहिलं, "मूळ प्रश्न सोडून भलत्याच शंका काढते. कोडिंग स्पीड कमी." खाली रिजेक्टवर टिक, आणि तेराव्याला आत बोलावलं.

आता जरा माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

आमची टीम सेमीकंडक्टरच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. "चिपचं काम करतो, वेफर असतात," असं मी गावी सांगितलं तेव्हा आजीनं विचारलं होतं, "मग बटाटे कुठून आणता रे?" तिची काही चूक नाही, दोन्ही शब्द बटाट्याकडेच जातात. तर आमचा वेफर म्हणजे सिलिकॉनची पातळ गोल चकती, मोठी असली तर ३०० मिलिमीटर व्यासाची. तिच्यावर ओळी-स्तंभांत शेकडो चिप छापलेल्या असतात. चकती कापण्याआधीच सुया टेकवून एकेका चिपची परीक्षा होते. पूर्वी नापास चिपवर शाईचा ठिपका टाकत. आता ठिपक्याऐवजी फाइल असते, तिला नकाशा म्हणतात. कुठल्या ओळीत, कुठल्या स्तंभातली चिप पास आणि कुठली नापास, एवढंच तिच्यात. थोडक्यात, एक मॅट्रिक्स.

मग चकती कापली जाते आणि दुसरं मशीन नकाशा वाचून फक्त पास झालेल्या चिप उचलतं. गंमत इथं सुरू होते. चकतीच्या कडेला दिशा कळावी म्हणून एक खाच असते. परीक्षेच्या वेळी खाच खाली होती, आणि उचलणाऱ्या मशीनमध्ये चकती खाच डावीकडे करून बसते. म्हणजे नकाशा घड्याळाच्या दिशेनं नव्वद अंशांत फिरवायला हवा. (बघा, आला का आमचा लाडका प्रश्न!) पण नुसता फिरवून भागत नाही. प्रत्यक्ष चकतीवरची कुठली चिप म्हणजे नकाशातलं कुठलं घर, हे मशीनला कळायला एक खुणेची चिप ठरवावी लागते. कॅमेरा तिच्यावर आणायचा आणि मशीनला सांगायचं, ही बाई म्हणजे अमुक ओळ, तमुक स्तंभ. बाकी सगळ्या चिपची जागा तिथून मोजली जाते. जात्याला जसा मधला खुंटा, तशी ही चिप.

फिरवण्याचा तो कोड माझा. नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिलेला. ट्रान्सपोज, मग ओळ उलटी, एकदम पाठ्यपुस्तकी. या प्रॉडक्टमध्ये खुणेची चिप मधलीच धरायची असं ठरलं होतं: एकूण ओळी भागिले दोन, एकूण स्तंभ भागिले दोन, अपूर्णांक सोडून द्यायचा. फिरवल्यानंतर मी ती नव्या नकाशावरून पुन्हा तशीच काढली होती आणि वर कॉमेंट टाकली होती, "फिरवल्यावर मध्य बदलत नाही." किती आत्मविश्वास बघा. कोड दोन वर्षांहून जास्त चालला. एक तक्रार नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये एका मंगळवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. गिऱ्हाइकाचा कारखाना मलेशियात, तिथे तेव्हा नऊ वाजलेले असतात. नवीन डिझाइनची चिप लाइनवर आली होती. लाइनवरच्या एका ऑपरेटर बाईंनी मशीन थांबवलं होतं. चकती गोल आणि चिप चौकोनी, त्यामुळे काठावरच्या काही चिप अर्ध्याच छापल्या जातात. त्या कुणी उचलत नाही, नकाशात तिथे रिकामी जागा असते. पण त्या दिवशी मशीन काठावरची तुटकी चिप व्यवस्थित उचलून पुढं ठेवत होतं. बाईंनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि लाल बटण दाबलं. तोवर तीन चकत्या होऊन गेल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, मग आधीच्या दोन चकत्यांवर कुणाला कळलं कसं नाही? अहो, नकाशा एकाच घरानं सरकला होता. चकतीच्या मधल्या भागात बहुतेक चिप पासच असतात. प्रत्येक चिपला तिच्या उजव्या शेजारणीचा निकाल लागत होता, आणि शेजारीणही पास. दहावीच्या निकालात सगळे नंबर एकानं सरकले, तर सगळ्या हुशार पोरांच्या तुकडीत कुणाला पत्ता लागेल? पत्ता लागतो तो नापासांच्या आसपास आणि वर्गाच्या भिंतीपाशी. नापास चिप पास म्हणून पॅक झाल्या, चांगल्या चिप चकतीवर तशाच राहिल्या. पॅकिंगनंतर पुन्हा एक परीक्षा असते, त्यात त्या नापास चिप अडकल्या, म्हणून कुणाच्या फोनपर्यंत पोचल्या नाहीत. पण लॉट अडला, लाइन अडली, आणि साडेसात वाजता कॉलवर आमच्या लीडनं शांतपणे विचारलं, "कोड कुणाचा आहे?"

गिटमध्ये कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी एक आज्ञा आहे, नावच तिचं ब्लेम. तिनं माझं नाव दाखवलं.

कोड वाचून काही सापडेना. टेस्ट सगळ्या हिरव्या. दुपारी कंटाळून खाली स्टेशनरीच्या दुकानातून ग्राफ पेपर, बटर पेपर आणि टाचण्या आणल्या. (हिंजवडीत फोर-जी, फाइव्ह-जी सगळं मिळतं, पण ग्राफ पेपरसाठी तीन दुकानं हिंडावी लागतात.) ग्राफवर ३८ ओळी आणि ३७ स्तंभांचा नकाशा आखला, बटर पेपरवर त्याची नक्कल केली, दोन्हींतून टाचणी टोचली आणि वरचा कागद फिरवला.

पहिल्याच फेरीत जाणवलं की टाचणी कुठं टोचायची हेच मला ठरवता येत नाहीये.

३७ स्तंभांचा मधला स्तंभ आहे, शून्यापासून मोजला तर अठरावा. पण ३८ ओळींना मधली ओळच नाही. मध्य येतो अठराव्या आणि एकोणिसाव्या ओळीमधल्या रेघेवर. माझ्या भागाकारानं अपूर्णांक सोडून दिला आणि रेघेखालची चिप "मधली" म्हणून निवडली: ओळ १९, स्तंभ १८. आता कागद घड्याळाच्या दिशेनं फिरवा. जे खाली होतं ते डावीकडे जातं. म्हणजे रेघेच्या खालची चिप आता उभ्या रेघेच्या डावीकडे, ओळ १८, स्तंभ १८. सूत्रानंही तेच येतं, ३८ वजा १ वजा १९ बरोबर १८. आणि माझा कोड नव्या, ३७ ओळी ३८ स्तंभांच्या नकाशात पुन्हा भागाकार करून काय म्हणत होता? ओळ १८, स्तंभ १९. रेघेच्या उजवीकडची.

म्हणजे कॅमेरा एका चिपवर आणि नकाशा तिच्या शेजारणीवर.

मग जुन्या प्रॉडक्टवर दोन वर्षं कसं चाललं? जुन्यात ४१ ओळी होत्या, विषम. मध्य घराच्या पोटात येत होता. गंमत म्हणजे स्तंभ सम असले तरी हा कोड बरोबर चालतो, ओळी सम झाल्या की कोसळतो. माझ्या सगळ्या टेस्टमध्ये मी ४१ ओळींचीच फाइल वापरली होती, कारण ती हाताशी होती. खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात, मी तो कधी हलवून बघितलाच नव्हता.

रात्री घरी बटर पेपर घेऊन परत बसलो. आता राग कमी होऊन गंमत वाटायला लागली होती. टाचणी एखाद्या घराच्या बरोबर मध्यात टोचली, तर नव्वद अंशांनंतर सगळी घरं घरांवर चपखल बसतात. चार घरं मिळतात त्या फुलीवर टोचली तरी बसतात. पण दोन घरांमधल्या कडेच्या मध्यावर टोचली तर सगळं बिनसतं, प्रत्येक घराचा मध्य खालच्या कागदावरच्या फुलीवर येतो. माझ्या ३८ बाय ३७ च्या नकाशाचा खरा मध्य नेमका अशाच कडेवर होता. ट्रान्सपोजची युक्ती हा अर्ध्या घराचा घोळ गुपचूप गिळून टाकते, कारण ती फिरवलेल्या चौकटीला कोपऱ्यापासून नव्यानं नंबर देते. चित्र हवं असेल तर ठीक आहे. पण चकती मशीनमध्ये बसलेली असते, तिला कोण नवे नंबर देणार?

एखाद्या ठरावीक बिंदूभोवती फिरवायचं सरळ सूत्र कागदावर लिहिलं. बिंदूला खुंटा म्हणू. नवी ओळ = खुंट्याची ओळ + (जुना स्तंभ − खुंट्याचा स्तंभ). नवा स्तंभ = खुंट्याचा स्तंभ − (जुनी ओळ − खुंट्याची ओळ). यात खुंटा स्वतः घालून बघा, तो स्वतःच्याच जागी राहतो. बाकीची घरं चार-चारच्या टोळ्या करून त्याच्याभोवती फेर धरतात. यात काही घरं चौकटीबाहेर जातात, वजा नंबरच्या ओळीत सुद्धा, त्यामुळे कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं आणि रिकाम्या जागी काय भरायचं, हे आपण ठरवावं लागतं. खुंटा फुलीवर असेल तर अर्धे-अर्धे आकडे येतात. त्यावर जुनी युक्ती अशी की सगळे आकडे दुप्पट करून हिशेब करायचा आणि शेवटी निम्मे करायचे. अपूर्णांक सोडण्याची वेळच येत नाही.

सूत्र लिहून झालं आणि तसाच बसलो. हे मी आधी कुठं तरी बघितलं होतं. प्लास्टिकचं फोल्डर, पेनाचं टोक, गरागरा फिरणारा कागद. त्यात एक उणे चुकलं होतं, बाकी हेच होतं.

(इथं स्वतःची बाजू थोडी मांडतो. मी विचारलेल्या प्रश्नाला खुंट्याची गरज नव्हती. चौकोनी मॅट्रिक्स तिथल्या तिथं फिरवायचं, मध्याभोवतीच फिरणार. हे त्या रात्री मी स्वतःला बऱ्याचदा सांगून बघितलं. पण मग "मध्याभोवती" एवढं एक उत्तर द्यायला मला काय झालं होतं?)

लहानपणी मामेभावाकडून वारशानं मिळालेला एक ब्रिक गेम होता माझ्याकडे, बॅटरीचं झाकण हरवलेला. त्यातल्या चार घरांच्या लांब दांडीचा मला फार राग यायचा. आडवी उभी केली की कधीच बरोबर मधोमध येत नसे, एका बाजूला जास्त जागा उरायची. मला वाटायचं मशीन खराब आहे. टेट्रिस १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्हनं लिहिला, आणि तेव्हापासून ही दांडी फिरवण्याचे निरनिराळे नियम निघाले. चार घरांना मधलं घर नाही, मग दांडी एका बाजूला झुकणारच. पुढं जो नियम सर्रास रुळला, त्यात या दांडीचा खुंटा घरात न ठेवता रेघांच्या फुलीवर ठेवलाय. चार वेळा फिरवली की दांडी बरोबर मूळ जागी, पण मधल्या दर फेरीत ती फुलीच्या एकेका बाजूला बसते. म्हणजे माझी १९ ची १८ झालेली चिपच की!

वेब करणाऱ्या मंडळींना हे वेगळ्या तऱ्हेनं भेटत असेल. सीएसएसमध्ये साधा डबा फिरवला तर तो स्वतःच्या मध्याभोवती फिरतो, कारण कुणीतरी तसं आधीच ठरवून ठेवलंय. एसव्हीजीमध्ये आकृतीला नुसता कोन दिला तर ती चित्राच्या आरंभबिंदूभोवती, म्हणजे बहुधा डाव्या वरच्या कोपऱ्याभोवती फिरते आणि स्क्रीनबाहेर निघून जाते. आमच्या टीममधल्या एका इंटर्ननं यापायी अख्खी दुपार घालवली होती. मी त्याला हसलो होतो. असो.

दुरुस्ती एका ओळीची झाली. खुणेची चिप पुन्हा शोधायची नाही, नकाशा ज्या सूत्रानं फिरवला त्याच सूत्रातून तिलाही फिरवायचं. कॉमेंट खोडली. टेस्टमध्ये सम-सम, सम-विषम, विषम-सम, विषम-विषम अशा चारही जोड्या घातल्या आणि चार वेळा फिरवून सगळं मूळपदावर येतं का तेही तपासलं. गुरुवारी लाइन पुन्हा सुरू झाली. ऑपरेटर बाईंचं नाव रिपोर्टात घालावं असं मी लीडला सुचवलं. तिनं घातलं. माझंही होतं, वेगळ्या रकान्यात.

शुक्रवारी एचआरला मेल टाकली: नोव्हेंबरमधल्या सोलापूरकडच्या कॅम्पसमधल्या एका मुलीचा निकाल पुन्हा बघता येईल का? दोन तासांनी उत्तर आलं की ते सायकल बंद झालंय, उमेदवार पुन्हा अर्ज करू शकते, आणि माहिती गोपनीय असल्यानं तिचा संपर्क देता येणार नाही. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. जुना फॉर्म मात्र मला सिस्टिममध्ये दिसत होता. "भलत्याच शंका काढते." तो बदलायचं बटण नव्हतं.

तिनं पुन्हा अर्ज केलेला माझ्या तरी बघण्यात आला नाही. आतापर्यंत कुठंतरी लागलीही असेल, आणि मी तिला आठवत असेनच तर काय म्हणून, ते न विचारलेलं बरं.

प्रश्न मी अजून तोच विचारतो, फक्त मॅट्रिक्स चौकोनी देत नाही. सहा ओळी, पाच स्तंभ काढतो, एका घरात तारा काढतो आणि म्हणतो, हे फिरवा, मग तारा कुठं गेला सांगा. मोबाइल बॅगेत असतो. मग थांबतो.

गेल्या कॅम्पसला एक मुलगा आला, हुशार होता. त्यानं कागद पुढं ओढला आणि विचारलं, "सर, क्लॉकवाइज ना?"

"हो."

पुढचा प्रश्न येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यानं ट्रान्सपोज लिहायला घेतलं. सात मिनिटांत कोड पुरा, ताराही बरोबर जागी. पास केला त्याला.